वड्यांची पेटी की ट्यूब?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळा उघडल्या की आमच्या कोल्हारच्या स्टेशनरीच्या दुकानांत दरवर्षी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. वह्या झाल्या, कंपासपेटी झाली, आता रंग. दुकानदार विचारतो, "वॉटर कलर ना? ट्यूब देऊ की वड्यांची पेटी?" बाप मुलाकडे बघतो, मूल बापाच्या खिशाकडे बघते. मग दुकानदारच मार्ग काढतो, "लहान आहे ना अजून, पेटी न्या. ट्यूब म्हणजे मोठ्या चित्रकारांचं काम." पेटी पिशवीत पडते आणि प्रश्न मिटतो.

नगर-मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेच्या काठचे हे आमचे गाव. उसाचे, बाजाराचे, भगवतीमातेच्या यात्रेचे. इथला माणूस घराच्या भिंतीला रंग द्यायचा म्हटले तर चार जणांना विचारतो, शेडकार्ड चाळतो, बायकोचे मत घेतो. मुलाच्या रंगांचा निर्णय मात्र अर्ध्या मिनिटात होतो. श्रोतेहो, त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला आज बोलायचे आहे. मी कवी आहे, चित्रकार नव्हे. पण जलरंगांशी माझी जुनी सोयरीक आहे. कवितेची ओळ अडली की मी लहानशी वही आणि रंगांचा डबा घेऊन नदीकडे जातो. ओळ सुटतेच असे नाही, पण रंगांविषयी मात्र बरेच काही कळत गेले.

आधी हे पाहू, की या रंगात असते तरी काय. नाव इंग्रजी, डबा चकचकीत, म्हणून आपल्याला वाटते की काही अवघड रसायन असेल. तसे नाही. जलरंगात मुख्य वस्तू तीन. पहिली, रंगाची बारीक पूड. दुसरी, ती पूड कागदाला धरून ठेवणारा डिंक. तिसरी, रंग अगदी दगडासारखा सुकू नये म्हणून घातलेला ओलावा धरणारा पदार्थ, म्हणजे ग्लिसरीन किंवा मध. यातले बहुतेक सामान आपल्या घरात होते आणि आहे. कुंड्यांना आणि ओट्याच्या कडेला लावायचा गेरू म्हणजे लोहयुक्त माती. चित्रकारांच्या डब्यातले तांबूस-तपकिरी रंग याच कुळातले. पांढऱ्या कपड्यांना घालायची पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, जलरंगाच्या प्रत्येक पेटीत असतो तोच निळा. दिव्यावर धरलेले काजळ म्हणजे काळा रंग. आणि डिंक तर बाभळीच्या गोतातलाच. जगभरच्या रंगकारखान्यांना तो मुख्यत्वे सुदानच्या बाजूने जातो.

काजळ, डिंक आणि पाणी. ही कृती ऐकून आमच्या घरातल्या जुन्या माणसांना एकच गोष्ट आठवायची, शाई. हाताने लिहिलेल्या कुराणाची शाई अशीच बनायची आणि हाताने लिहिलेल्या पोथीचीही. म्हणजे जलरंग हा आपल्याकडे परका पाहुणा नाही. शाईचा तो धाकटा भाऊ आहे.

मग पेटी आणि ट्यूब यांत फरक काय? पुष्कळांना वाटते की ट्यूबमधला रंग अस्सल आणि वडीतला नक्कल. किंवा उलटे, वडी साधी म्हणून शिकण्यासाठी आणि ट्यूब भारी म्हणून शिकून झाल्यावर. दोन्ही समजुती बरोबर नाहीत. चांगल्या प्रतीची वडी आणि चांगल्या प्रतीची ट्यूब यांत पूड तीच, डिंक तोच. ट्यूबमध्ये ओलावा आधीच घातलेला असतो, वडीत तो आपण घालायचा असतो. जगातले कित्येक नामवंत चित्रकार आजही वड्यांचाच डबा घेऊन फिरतात.

या दोन रूपांची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडचे लघुचित्रकार रंग स्वतः घोटायचे आणि शिंपल्यात ठेवायचे. सुकलेल्या रंगावर पाणी टाकले की पुन्हा काम सुरू. युरोपातही चित्रकार किंवा त्याचा शागीर्द रंग कुटत बसायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रीव्हज बंधूंनी जलरंगाच्या तयार वड्या विकायला काढल्या आणि १७८१ मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना त्यासाठी गौरवले. त्या वड्या घासाव्या लागत. पुढे १८३५ च्या सुमारास विन्सर अँड न्यूटन या कंपनीने ग्लिसरीन घातलेल्या मऊ वड्या आणल्या; ओला कुंचला टेकवला की रंग सुटू लागला. ट्यूबचा शोध १८४१ चा. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी तयार केली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. रँडची नळी आधी तैलरंगांसाठी आली, मग काही वर्षांतच जलरंगांसाठी. आपल्या महाराष्ट्रात दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाने, म्हणजे कॅम्लिनने, १९६४ मध्ये चित्रकलेच्या साहित्यात पाऊल टाकले आणि उंटाचे चित्र असलेले रंग खेड्यापाड्यांतल्या दप्तरांत पोचले. २०११ मध्ये त्या कंपनीत जपानच्या कोकुयोने मोठा वाटा घेतला, पण मुलांच्या तोंडी नाव कॅमलचेच राहिले.

थोडक्यात, वडी झाली ती रंग सहज नेता यावा म्हणून आणि ट्यूब झाली ती रंग ओला राहावा म्हणून. निवड करतानाही हेच विचारायचे. मला रंग न्यायचा आहे, की पुष्कळ ओला रंग एकदम हवा आहे?

इथे एक घरातली गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण सातवीत असताना वर्गात निसर्गचित्र काढायला दिले होते. एप्रिलचा महिना. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. तिच्याकडे स्वस्तातल्या वड्यांची पेटी होती. आकाश रंगवायला तिने ओला कुंचला निळ्या वडीवर घासला. जेमतेम चार बोटे आकाश झाले आणि रंग संपला. पुन्हा कुंचला घासला. तोवर पहिला पट्टा वाळून गेला होता. दुसरा पट्टा त्याच्यावर चढला, मध्ये गडद रेघ उमटली. मग तिसरा, मग चौथा. शिक्षकांनी तो कागद वर्गापुढे धरला आणि म्हणाले, "हे आकाश आहे की सतरंजी?" सगळा वर्ग हसला. घरी आल्यावर तिने पेटी फळीवर ठेवली, ती पुन्हा काढली नाही. "माझ्या हातात चित्रकला नाही," असे ती पुढे कितीतरी वर्षे सांगायची. आणि याच बहिणीच्या हातची मेंदी काढून घ्यायला मोहल्ल्यातल्या नवऱ्या मुली रांग लावतात. हात असा की कोन एकदा टेकवला की वेल मनगटापर्यंत न थांबता जाते.

हातात काही कमी नव्हते. कमी होते पाणी आणि वेळ. आकाशासारखा मोठा, सलग भाग रंगवायला, ज्याला चित्रकार वॉश म्हणतात, त्याचा नियम असा की ओली कड वाळायच्या आत पुढचा हात फिरला पाहिजे. त्यासाठी लागेल तेवढा रंग आधीच वाटीत कालवून ठेवावा लागतो. ट्यूबने हे काम सोपे होते. हरभऱ्याएवढा रंग पिळा, दोन चमचे पाणी घाला, वाटीभर निळे तयार. कडक वडीवर कुंचला घासून तेवढा रंग काढायचा म्हणजे दहा मिनिटे जातात, शिवाय कुंचल्याचे टोकही झिजते. आपल्या कोरड्या हवेत ही अडचण दुप्पट होते. कोकणात पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही. तिथे घाई नसते, पण तिथे वडीला बुरशी धरते. म्हणजे गाव कुठले, महिना कुठला, हेही रंग घेताना बघायला हवे.

पण याचा अर्थ वडी वाईट असा नाही. तिला वापरायची रीत आहे आणि ती कोणी सांगत नाही. काम सुरू करण्याआधी प्रत्येक वडीवर दोन-दोन थेंब स्वच्छ पाणी टाकायचे आणि पाच-सात मिनिटे थांबायचे. डाळ भिजत घालतो तसे. मग वडी वरून मऊ होते आणि कुंचला न घासता रंग देते. वॉश घालायचा असेल तर तो रंग पाच-सहा वेळा उचलून वाटीत जमा करायचा आणि मगच कागदाला हात लावायचा. एवढे एक वाक्य त्या दिवशी कोणी माझ्या बहिणीला सांगितले असते, तर फळीवरची पेटी कदाचित खाली उतरली असती.

वडीचे गुणही ऐका. सांडत नाही, लागेल तेवढाच रंग निघतो, डबा खिशात मावतो. नदीवर, शेताच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर बसून लहान चित्र काढायचे तर वडीसारखी सोबत नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदाला ट्यूब म्हणजे कपभर चहाला घागरभर पाणी.

ट्यूबचे अवगुणही सांगितले पाहिजेत. मूल ट्यूब हातात घेते ते टूथपेस्टसारखी दाबायला. अर्धा रंग कागदावर जातो, अर्धा मोरीत. झाकण नीट लागले नाही तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात महिन्याभरात रंग आतच आवळतो आणि घरातली मंडळी ती ट्यूब कचऱ्यात टाकतात. तसे करू नका. झाकण अडकले तर कोमट पाण्यात दोन मिनिटे धरा, सुटते. आतला रंग सुकलाच असेल तर ट्यूब कात्रीने उभी कापा. आत जी वडी सापडेल ती पाण्याने पुन्हा जिवंत होते. डिंकाचा रंग मरत नाही, तहानलेला राहतो.

यातूनच एक मधला मार्ग निघतो आणि सामान्य घरासाठी मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ट्यूब घ्यावी आणि तिची वडी घरीच करावी. पाच मिलिलिटरच्या एका ट्यूबमध्ये लहान आकाराच्या दोन-तीन वड्या सहज होतात. प्लास्टिकच्या पॅलेटच्या खणात किंवा गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या खळग्यात रंग पिळायचा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा. सुकताना तडे गेले तर रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब मिसळायचा. मधही चालतो, पण मग डबा मुंग्यांपासून जपावा लागतो, हे अनुभवाने सांगतो. अशा डब्यातला रंग पाणी लागताच सुटतो. घरी मोठे चित्र काढायचे तेव्हा ट्यूब, बाहेर जायचे तेव्हा हा डबा. एकाच खरेदीत दोन्ही कामे होतात.

आता बाटल्यांविषयी. बाटलीतले पोस्टर कलरही पाण्यातच कालवतात, म्हणून दुकानात पुष्कळदा त्यांनाही वॉटर कलर म्हणून पुढे केले जाते. पण त्यांचा स्वभाव वेगळा. पोस्टर कलर झाकणारा आहे, जलरंग दाखवणारा. पोस्टर कलर खालचा कागद बुजवून सपाट, एकसारखा थर देतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राला बहुतेक मुले तो वापरतात ते त्यामुळेच. तिथे कडा स्वच्छ आणि रंग सपाट लागतो. स्मरणचित्रात किंवा वस्तुचित्रात मात्र काचेच्या पेल्याची चमक आणि कांद्याच्या सालीचा पातळपणा दाखवायचा, तर पारदर्शक जलरंगच बरा. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलाला दोन्ही लागतात, पण एकाच्या जागी दुसरे नको.

आणखी एक बाटली असते, पातळ आणि अतिशय भडक रंगांची. फोटो रंगवायला पूर्वी असेच रंग वापरत. त्यात बहुधा पूड नसते, विरघळणारा रंग असतो. हा फरक समजायला हळद आठवा. हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण उन्हात टाकला की उडतो. गेरूने रंगवलेली कुंडी मात्र ऊन खात वर्षभर तांबडीच राहते. हळद विरघळणारा रंग, गेरू पुडीचा रंग. भिंतीवर लावून ठेवायचे चित्र असेल तर गेरूच्या जातीचा रंग निवडा. चांगल्या ट्यूबवर आत कोणती पूड आहे ते बारीक अक्षरांत छापलेले असते. 'पीबी २९' म्हणजे आपली नीळ. घेण्याआधी ते वाचायची सवय लावावी; औषधाची तारीख बघतो तसे.

मग दुकानात नेमके काय मागावे? माझे उत्तर असे. चौथी-पाचवीपर्यंतच्या मुलाला वड्यांची पेटी ठीक. सोबत ती भिजवायची रीत शिकवा. परीक्षेला बसणाऱ्या किंवा मनापासून चित्र काढणाऱ्या मुलाला ट्यूब द्या. पण चोवीस रंगांचा मोठा डबा नको. पिवळा, तांबडा, अल्ट्रामरीन निळा, आणि गेरूच्या नात्यातला बर्न्ट सिएना एवढ्या चार ट्यूब सुट्या मिळाल्या तर पुष्कळ झाले. हिरवा पिवळ्या-निळ्यातून होतो. निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की पावसाळी ढगाचा असा राखाडी मिळतो, की विकतच्या काळ्याची गरज पडत नाही. पांढरी ट्यूब तर सुरुवातीला नकोच. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे कागद राखायचा. मूल पांढरा मिसळू लागले की चित्र खडूसारखे होते.

आणि वाचलेले पैसे कागदावर घाला. पातळ कागद पाणी पडताच सुरकुततो, त्यावर जगातली भारी ट्यूबही हरते. जाड, हातकागदासारखा कागद साध्या वडीलाही साथ देतो. पुस्तकाचा चांगला कागद हातात आला की कवीला कसे होते, ते मला ठाऊक आहे. चित्रकाराचे तर सगळे आयुष्यच त्यावर.

एवढ्या साध्या सामानातून काय उभे राहते, याची साक्ष आपल्याच मातीत आहे. सावंतवाडीला जन्मलेले सा. ल. हळदणकर यांनी हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र रंगवले, 'ग्लो ऑफ होप'. त्यांची कन्या त्या चित्रासाठी उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. बघणाऱ्या पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे आणि तैलरंगातले वाटते. आहे ते हळदणकरांचे, आणि जलरंगातले. बोटांतून झिरपणारा तो उजेड आणि पाठीमागचा गडद काळोख पाण्यात कालवलेल्या रंगाने आणलेला आहे.

दुसरे नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा मोठा निसर्गचित्रकार. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. त्यांच्या घरात कुराण हाताने लिहिण्याची परंपरा होती, म्हणजे काजळ-डिंकाची शाई त्यांनी जन्मापासून पाहिलेली. महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असे कोल्हापूरकर सांगतात. ओढगस्तीच्या काळात ते झाडपाल्यापासून आणि मातीपासून स्वतःच रंग करायचे, असेही सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. योगायोग बघा, त्याच वर्षी दांडेकरांचा शाईचा उद्योग सुरू झाला. रहिमानांपुढे वडी की ट्यूब हा प्रश्न आलाच, तर तो चैनीचा असेल. पण कोटितीर्थाच्या पाण्यावरची पहाट कागदावर धरायला किती पाणी आणि किती वेळ लागतो, ते त्यांना पक्के माहीत असणार.

माझी भाची, म्हणजे त्याच बहिणीची मुलगी, यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. "मामू, ट्यूब घेऊ की पेटी?" असे तिने विचारले तेव्हा तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दोन्ही घे, पण कागद आधी बघ." चार ट्यूब आल्या. त्यातला निम्मा रंग पिळून आम्ही एका पत्र्याच्या सुपारीच्या डबीत वड्या केल्या. आईनेच त्या सुकवल्या, मेंदीचा कोन धरायच्या हाताने, एकही तडा न जाऊ देता.

परीक्षेच्या दालनात शिरल्यावर काय करायचे, तेही तिला सांगून ठेवले आहे आणि ऐकणाऱ्या सगळ्या मुलांनाही सांगतो. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी प्रत्येक वडीवर पाणी टाका, मग प्रश्न वाचा. वाचून, आखून होईपर्यंत रंग तयार होतो. आणि आईबापांना, गुरुजी-बाईंना एवढेच सांगणे आहे, की मुलाचे आकाश पट्ट्यापट्ट्यांचे झाले तर त्याच्या हाताविषयी मत देण्याआधी त्याची पेटी उघडून पाहा. वडी कोरडी असेल तर दोन थेंब पाणी टाका, पाच मिनिटे थांबा, आणि त्याला पुन्हा एक कागद द्या.